पेरीनमावशीचे कागद

केन नदीकाठच्या कापूसवाल्यांत ओनेझीम शेवालचा रुबाब काही औरच होता. आई गुलाम, बाप गोरा फ्रेंच. बापानं डोळे मिटण्याआधी त्याला मोकळं केलं आणि नदीकाठची जमीन त्याच्या नावे केली. आता त्याच्या शेतात पस्तीस गुलाम राबत होते, आणि चर्चमध्ये पुढून दुसरा बाक त्याचा होता. त्या बाकावर बसताना तो कोटाची मागची बाजू अशी काही सावरायचा की मागचे गोरे शेजारीसुद्धा थोडं सरकून बसत.

अडचण एवढीच होती की त्याची सख्खी मावशीही त्याचीच गुलाम होती.

पेरीनमावशीनं त्याला कडेवर वाढवलं होतं. बारा वर्षांपूर्वी शेजारच्या मळ्यातल्या माणसांचा लिलाव झाला, तेव्हा ओनेझीमनं तिला विकत घेतलं ते मोकळं करण्यासाठीच. "एवढी पेरणी होऊ दे, मग कागद करू," तो म्हणाला. मग म्हणाला, वेचणी होऊ दे. मग नदीला पूर आला. मावशी माडीवरच्या खोलीत राहत होती, डोक्याला रेशमी रुमाल बांधत होती, घरादारावर हुकूम सोडत होती. पण कायद्यानं तिच्यात आणि ओनेझीमच्या खेचरात फरक नव्हता.

त्या साली त्याच्या लेकीला, आस्पासीला, न्यू ऑर्लिन्सचं स्थळ आलं. मुलाचे वडील मस्यू लफ्रुआ हेही यांच्यासारखेच मोकळे, सावळे. पण शहरातले, त्यामुळे नाक जरा वर. रविवारी प्रार्थनेनंतर ते जेवायला आले. ओनेझीमनं चांदीचे चमचे काढले होते, मावशीसाठी उजव्या हाताची खुर्ची ठेवली होती.

मावशी आली ती अनवाणी, जाडाभरडा एप्रन लावून, हातात गंबोचं, मांसाच्या दाट रश्श्याचं, वाफाळतं भांडं घेऊन.

"मालक, वाढू का?"

"मावशी, हे काय? बस ना इथं!"

"मी? मालकांच्या पंगतीला? नको हो, मार पडेल मला."

लफ्रुआंचा चमचा हातातच राहिला. "या तुमच्या मावशी?"

"मावशी कसली, साहेब!" भातावर गंबो ओतत ती म्हणाली. "लिलावातला माल. मालकांनी अगदी पारखून घेतलाय. दोन दात पडलेत, बाकी तक्रार नाही. काय हो मालक?"

आस्पासी रुमालाआड हसत होती. ओनेझीमचे कान तापले.

"आमच्या शहरात," लफ्रुआ हळूच म्हणाले, "सख्ख्या माणसाला मोकळं करायला हंगाम बघत नाहीत."

दुसऱ्याच दिवशी सकाळी ओनेझीमनं बग्गी जोडली आणि मावशीला घेऊन कचेरी गाठली. न्यायाधीशानं त्याचा हात बायबलवर ठेवला.

"गेल्या चार वर्षांत ही बाई पळून गेली होती?"

"नाही."

"चोरी?"

"नाही."

"एकूण वागणूक?"

ओनेझीमनं मावशीकडे चोरून पाहिलं.

"खरं सांग रे बाबा," मावशी म्हणाली. "देवाच्या पुस्तकावर हात आहे."

"उत्तम," तो म्हणाला.

"बघा, शपथेवर खोटं बोलला," मावशीनं कारकुनाला सांगितलं, आणि कारकुनाच्या लेखणीतून शाईचा डाग पडला.

चाळीस दिवस नोटीस कचेरीच्या दारावर लटकली. कुणी हरकत घेतली नाही. कागद हातात पडला तेव्हा मावशीनं तो वाचता येत नसूनही दोन्ही बाजूंनी बघितला आणि चोळीत सरकवला. परतताना शेताच्या कडेला तिनं बग्गी थांबवली.

"पाय मोकळे करते जरा."

ती पुढे चालली, तो बग्गी तिच्या चालीनं हाकत बाजूनं. कापसाच्या रांगेत झोझेट पाठीवर पोतं घेऊन वाकली होती, तिच्यापलीकडे बातीस्त.

"ओनी," मावशी म्हणाली, "ही माझ्याच लिलावातली. एकाच गाडीतून आणलंस आम्हाला. ती कुणाची मावशी नाही, एवढंच ना?"

"अगं, मग मळा कोण चालवणार?"

"ते मी विचारलं नव्हतं."

तिच्या आवाजात थट्टेचा लवलेश नव्हता. ओनेझीमला वाटलं, हिनं परत 'मालक' म्हणून चिडवावं. ती पुढे चालत राहिली.

आस्पासीचं लग्न थाटात झालं. मावशी त्यात सगळ्यात जास्त नाचली, आणि आठवड्यानं माडी सोडून नदीपल्याडच्या दोन खोल्यांत जाऊन राहिली. सासरी निघालेली आस्पासी मात्र रडली. ओनेझीम दर रविवारी तिकडे कॉफीला जायचा. मावशी त्याच्या वाढत्या पोटाची, नव्या टोपीची यथेच्छ खेचायची. निघताना मात्र दर वेळी विचारायची, "झोझेट कशी आहे?"

"बरी आहे," तो म्हणायचा आणि टोपी चढवायचा.

असे दोन हिवाळे गेले. नंतरच्या वसंतात तो झोझेटला घेऊन कचेरीत गेला. वागणुकीचा प्रश्न आला तेव्हा या वेळी त्याला खोटं बोलावं लागलं नाही. "कधी तक्रार आली नाही," तो म्हणाला; त्यापलीकडे तिच्याबद्दल त्याला काही ठाऊकच नव्हतं, हे त्याला तिथं उभं असताना कळलं.

पुढच्या रविवारी तो छाती काढून मावशीकडे गेला. मावशीनं त्याचे दोन्ही गाल ओढले, कॉफीत स्वतःहून तिसरा चमचा साखर घातली. तो खूश होऊन पहिला घोट घेतोय तोच तिनं विचारलं, "आणि बातीस्त कसा आहे रे?"