पाचवी सुई

उशीत चारच सुया होत्या. मी पुन्हा मोजल्या. चार.

आमच्या दुकानात धर्मगुरूंचे झगे शिवतात. काम झालं की पाचही सुया टाचणीच्या उशीत परत आल्याशिवाय कपडा दाराबाहेर जात नाही, हा सासऱ्यांच्या आजोबांपासूनचा नियम. पण सकाळी चर्चची व्यवस्था पाहणारे ओरेस्ते दारातच उभे राहून घाई करत होते. रात्री वारलेल्या फादर एवारिस्तोंना अंत्यविधीसाठी तयार करायचं होतं. सासूबाईंनी न मोजताच जांभळा झगा घडी घालून त्यांच्या हातात दिला.

आणि माझ्या पायाशी माझी आठ महिन्यांची नेरीना सकाळभर रांगत होती. सापडेल ते तोंडात घालत. शिवताना जरीच्या पट्टीशी काहीतरी कट् वाजलं होतं. धागा तुटला असेल म्हटलं, तेवढ्यात ती रडली म्हणून काम तसंच टाकून उठले. एवढंच आठवत होतं.

"कॉलेजात सुया मोजायला शिकवत नाहीत वाटतं?" सासूबाई म्हणाल्या. पण त्यांचा स्वतःचा चेहरा पांढराफटक पडला होता.

माझा नवरा रुज्जेरो नेरीनाला उचलून हॉस्पिटलात धावला. मीही निघाले, तर सासूबाईंनी दंड धरला. "तिथे दोघांनी बाकावर बसून काय होणार? चारला फादरची शवपेटी बंद करतात. सुई झग्यात सापडली की पोरगी सुटली. शिवलंस तू, कुठे बघायचं तुलाच माहीत. चल."

पूल ओलांडेपर्यंत त्या बोलतच होत्या. "माझं ऐकून अरुंद झगा केला असतास तर पुढे एक पाट, मागे एक पाट, संपलं. तुला तंबू हवा होता!"

"फादरनीच मागितला होता, आई."

खरंच मागितला होता. या झग्यांवरचा माझा कॉलेजातला प्रबंध वाचणारे ते एकटेच. हा झगा मुळात रोमच्या वाटसरूंचा पावसातला डगला, त्याच्या नावाचा अर्थ 'छोटं घर', हे त्यांना फार आवडलं होतं. बाकीच्यांनी तो टाकला, धर्मगुरूंनी ठेवला. मग त्यावर जरीकाम चढत गेलं, वजनाने हात उचलेनात, म्हणून शतकानुशतकं बाजू कापत कापत त्याची फळी झाली. "शेवटी मला ते घर शिवून दे हं, क्लेलिया," म्हणाले होते. "फळी नको."

आता त्या घराची घडीन् घडी मला चाचपायची होती.

चर्चमध्ये ओरेस्ते कपाळाला हात लावून उभे राहिले. "अहो बाई, त्यांना पालथं घालू? तासाभरात बिशप येताहेत!"

"घाला," सासूबाई म्हणाल्या. "जुन्या काळी लोकांकडे पाठ फिरवूनच मिस्साची प्रार्थना म्हणायचे. सवय आहे त्यांना."

ओरेस्ते नाइलाजाने पेटीपाशी आले.

आधी गळा, मग खांदे, मग हातांवरून ओघळलेल्या चुण्या पाहिल्या. फादरचे हात थंडगार होते, माझेही तसेच. काहीच नाही. मग तिघांनी मिळून त्यांना कुशीवर वळवलं. ताठरलेल्या अंगात घालायचा म्हणून झग्याची पाठ उभी चिरली होती. तिथेच, जरीच्या पट्टीखाली, जांभळा धागा ओवलेलं काहीतरी बोटाला लागलं.

"मिळाली! आई, मिळाली!"

ओरेस्तेंनी क्रुसाची खूण केली. सासूबाई मटकन बाकावर बसल्या. "पोरीच्या बापाला फोन लाव. म्हणावं आण तिला घरी."

मी सुई ओढली. ती लगेच सुटून आली, फारच लगेच. नेढं होतं, धागा होता, आणि खाली नखाएवढी दांडी. टोक नव्हतं.

कट्.

पुन्हा पट्टी पाहिली, चीर पाहिली, खालची पांढरी चादर झटकली. ओरेस्ते गुडघ्यांवर बसून फरशी चाचपू लागले. सासूबाईंनी माझ्या तळहातावरचा तुकडा पाहिला.

माझा फोन वाजला.

"क्लेलिया," रुज्जेरो म्हणाला. "एक्स-रेत दिसतंय. बारीक आहे, पण दिसतंय. तिला ऑपरेशनला आत घेताहेत. तू ये."

मी हललेच नाही. तुकडा मुठीत दाबून उभी होते.

सासूबाईंनी माझी बोटं एकेक करून उघडली, तुकडा काढून घेतला. "सुया मी मोजल्या नाहीत," त्या हलकेच म्हणाल्या. "चूक माझी, तुझी नाही. जा."

दारातून वळून पाहिलं. पुरताना अशी पाठ कोणी शिवत नाही. पण सासूबाईंनी स्वतःच्या कॉलरमध्ये खोचलेली दुसरी सुई काढली होती, आणि फादरच्या पाठीवरची चीर त्या खालून वर, टाक्यामागून टाका, शिवत होत्या. सुईत दोराच नव्हता, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं.