मागे वळायचा शब्द

महासंघाचा फॉर्म सहा पानांचा होता. पाचव्या पानावर एक तक्ता होता: वर्गात दिल्या जाणाऱ्या आज्ञा, त्यांचा उच्चार, त्यांचा अर्थ. माझा धाकटा भाऊ तायक्वांदो शिकवतो. लाथा त्याने मारायच्या आणि कागद मी भरायचे, अशी आमची बावीस वर्षांची वाटणी आहे. मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. बाटलीत जे आहे तेच लेबलावर लिहायचं, हे तिथलं मुख्य काम. त्यामुळे तक्ते मला आवडतात.

भाऊ वर्गाच्या कोपऱ्यात मांडी घालून एका फाटलेल्या पॅडला दाभणाने टाके घालत होता. झेरॉक्सच्या दुकानावरचा हा हॉल, लाल-निळ्या मॅट, आणि फिनाईलनेही न जाणारा पायांचा वास.

"काडी," मी म्हटलं, "मागे वळायला सांगताना काय म्हणतोस तू?" लहानपणी तो अगदी काडीसारखा होता. आता त्याचं वजन ब्याण्णव किलो आहे, पण नाव बदलायचं राहून गेलं.

"धीर धरा," तो म्हणाला.

"मी बसलेच आहे. तू आठव सावकाश."

"अगं, आठवायचंय काय. तोच शब्द आहे. धीर धरा."

मी पेन खाली ठेवलं. महासंघाने फॉर्मबरोबर शब्दांची एक पुस्तिका पाठवली होती. तिचं अकरावं पान उघडून मी त्याच्यापुढे धरलं. मागे वळा: द्विरो दोरा.

त्याने ते ओठ हलवत दोनदा वाचलं. "छपाईची चूक असणार."

"बाकी शंभर शब्द बरोबर छापले आणि नेमका हाच चुकला?"

"ताई, त्यामागे विचार आहे. समोरच्याकडे पाठ करायला ताकद नाही लागत, धीर लागतो. म्हणून धीर धरा."

हे मला पाठ होतं. नवीन मुलं आली की पहिल्या दिवशी तो यावर भाषण देतो. मी एकदा घड्याळ लावून बघितलं होतं, अकरा मिनिटं. शिवाय क्लासच्या सगळ्या गणवेशांवर पाठीमागे, क्लासच्या नावाखाली, निळ्या ठसठशीत अक्षरांत तेच छापलेलं होतं. पालकांना वाटायचं, बोधवाक्य आहे.

"आज्ञा सगळ्या कोरियन," मी म्हटलं. "मग त्यात मराठी कुठून आलं, असं बावीस वर्षांत एकदाही मनात आलं नाही तुझ्या?"

"मला वाटायचं संस्कृत असेल. इकडून भिक्षू गेले होते ना तिकडे." दाभण ओढता ओढता तो थांबला. "मोठ्या सरांनी आम्हाला असंच शिकवलं. तेच चुकले असतील."

मोठे सर म्हणजे त्याचे गुरू. ते वारले त्याला नऊ वर्षं झाली.

"मोठे सर चुकले नसणार," मी म्हटलं. "तू त्यांच्याकडे शिकायला लागलास त्या वर्षी तुझ्या डाव्या कानात बुरशी झाली होती. सहा आठवडे दिवसातून तीन वेळा मी थेंब घालत होते. आणि तू रांगेत उजव्या टोकाला उभा राहायचास. म्हणजे सरांकडे कुठला कान?"

त्याने डावा कान चाचपून बघितला. "तुझ्या कसं काय लक्षात राहतं गं हे सगळं?"

"वहीत आहे."

गंमत तेवढ्यावर संपली असती, पण परीक्षक पुढच्याच रविवारी येणार होते. महासंघ आता दर पाच वर्षांनी प्रत्येक क्लास तपासतो. मुलांच्या लाथा, प्रशिक्षकाची शिकवण्याची पद्धत आणि शब्द, असे शंभर गुण. साठ पडले नाहीत तर मान्यता जाते आणि क्लासला पट्ट्यांची परीक्षा घेता येत नाही. आमची अकरा मुलं यंदा काळ्या पट्ट्याला बसणार होती. मान्यता गेली असती तर ती पुलापलीकडच्या क्लासला गेली असती, आणि त्यांच्या मागोमाग बाकीचीही. भावाने आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही. त्याला दुसरं काही येतही नाही, हे मी बहीण म्हणून सांगते.

सोमवारी त्याने मुलांना रांगेत उभं केलं. एकतीस मुलं होती. मी दाराशी माझ्या खुर्चीवर होते.

"आजपासून मागे वळायला द्विरो दोरा," तो म्हणाला. "महासंघाने शब्द बदललाय."

पिवळ्या पट्ट्याच्या एका मुलीने हात वर केला. ही दहा वर्षांची. तिला सगळे वकील म्हणतात, का ते पाच मिनिटांत कळतं. "का बदलला?"

"वरून आलंय."

"मग सर, धीर आता नाही लागणार का?"

"लागेल. मनातल्या मनात धरायचा."

वर्ग सुटल्यावर मी त्याला म्हटलं, "खोटं कशाला सांगितलंस?"

"मग काय सांगू? की मला ऐकू येत नव्हतं? हजारभर मुलं शिकवून झालीत ताई. उद्या ही पोरं विचारतील, लाथ तरी नीट दिसली होती का."

"विचारू देत. उत्तर आहे ना तुझ्याकडे."

"तुझ्या बाटल्या उलट बोलत नाहीत, तुझं बरं आहे," असं म्हणून तो मॅट पुसायला निघून गेला.

आठवडाभर सराव चालला. मी रोज मोजत होते. सोमवारी नव्या शब्दावर सहा जण वळले, मंगळवारी तेरा, गुरुवारी अठ्ठावीस, शनिवारी एकतीस. जुन्या शब्दावर किती वळतात हे मात्र कोणी तपासलं नाही. प्रयोगशाळेत माझ्याकडून असं झालं नसतं.

रविवारी सकाळी नऊला परीक्षक आल्या. साठीच्या, बुटक्या, खांद्याला कापडी पिशवी. चपला काढून त्यांनी भिंतीला काटकोनात लावल्या, तेव्हाच मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. कमरेचा काळा पट्टा कडांना विरून पांढरा पडला होता. माझ्या शेजारी बसून त्या पेन्सिलने गुण टिपत होत्या. मुलांनी लाथा छान मारल्या. हातांनी अडवण्याचे प्रकार चालले होते तेव्हा बाई एक-दोनदा पुढे वाकून मुलांच्या दातांकडे पाहत असल्यासारखं मला वाटलं. पण त्या काही बोलल्या नाहीत.

मग त्या स्वतः उठून मुलांसमोर गेल्या. "चार्योत," त्या म्हणाल्या. म्हणजे सावधान. एकतीस टाचा जुळल्या.

"द्विरो दोरा."

एकतीस मुलं वळली. आवाज एकच आला. भावाने श्वास सोडला, तो मला दारापर्यंत ऐकू आला.

बाईंसमोर आता सगळ्या पाठी होत्या. त्यांनी चष्मा लावला, पाठीवरची अक्षरं पाहिली आणि आवडल्यासारखं मोठ्याने वाचलं, "धीर धरा."

एकतीस मुलं गर्रकन वळली आणि त्यांच्याकडे बघू लागली.

बाईंनी भावाकडे पाहिलं. भाऊ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता, जणू काही तेच चुकलंय. मग बाईंनी आवाज अगदी खाली आणला. एकदा आलेला निकाल पुन्हा येतो का, हे मीसुद्धा असंच बघते.

"धीर धरा."

सगळ्या पाठी परत समोर.

"बरं," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मी डोळे मिटून घेतले. मूळ जागी या, याला कोरियनमध्ये बारो म्हणतात, आणि आमच्या वर्गात त्याचं कधीच बरं झालेलं होतं. डोळे उघडले तेव्हा सगळी मुलं समोर तोंड करून, मुठी पट्ट्यापुढे धरून, पुढच्या आज्ञेची वाट बघत होती.

"सर," बाई म्हणाल्या, "हे काय आहे?"

"जुना शब्द आहे मॅडम. बदलायच्या आधीचा. मुलांच्या अंगवळणी पडलाय."

"कोणी बदलला?"

वकिलाचा हात वर गेला. "महासंघाने. वरून आलंय."

"वर मीच असते, बाळ," बाई म्हणाल्या. "सोळा वर्षं शब्दांच्या समितीवर आहे. आम्ही काही बदललेलं नाही."

त्या परत येऊन माझ्या शेजारी बसल्या. गुणपत्रिका उलटवून त्यांनी पेन्सिल शेवटच्या ओळीवर टेकवली आणि तशीच धरून ठेवली. ती ओळ मला दिसत होती: प्रशिक्षक आपली चूक विद्यार्थ्यांसमोर सुधारतो काय? दहा गुण. भावाला ती दिसत नव्हती. मला त्याला खूण करता आली असती. मी हात मांडीवर ठेवून बसले. उत्तर मी पुरवलं असतं, तर ते त्याचं कसलं.

भाऊ मुलांच्या पुढे जाऊन उभा राहिला. ब्याण्णव किलोचा माणूस, पण उभा राहिला तो शाळेत वर्गाबाहेर काढल्यासारखा.

"शब्द कोणी बदललेला नाही," तो म्हणाला. "माझ्या सरांनी मला बरोबर सांगितला होता. मला तो चुकीचा ऐकू आला आणि मी तसाच तुम्हाला शिकवला. मला ते गेल्या रविवारी कळलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण लाज वाटली, म्हणून महासंघावर ढकललं."

वकिलाचा हात पुन्हा वर गेला.

"चुकीचा कसा ऐकू आला?"

"कान बिघडला होता. आत बुरशी झाली होती."

"कानात?"

"हो."

"ब्रेडवर येते तसली?"

भावाने दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. शास्त्रीय बाबतीत तो मला विचारतो. मी मान हलवली. "साधारण तसलीच," तो म्हणाला.

"हिरवी का काळी?" मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं.

"काळी," मी म्हटलं. गेल्या बावीस वर्षांत त्या वर्गात मी एवढंच बोलले असेन, पण मुलं माझ्याकडे कधी नव्हे त्या आदराने बघू लागली. सगळी रांग भावाचा डावा कान दिसावा म्हणून एका बाजूला झुकली. खोटं बोलल्याचं कोणाच्या लक्षातही राहिलं नसावं.

बाईंची पेन्सिल हलली. दहापैकी दहा. मग त्यांनी वरची बेरीज केली. मी ती त्यांच्या आधी केली होती. शब्दांना तीसपैकी नऊ, बाकी सगळं धरून एकाहत्तर.

"मान्यता राहील," त्या भावाला म्हणाल्या. "पण पाच वर्षांची नाही, एका वर्षाची. आणि तोपर्यंत शब्दांचा तास तुम्ही घ्यायचा नाही. शब्दांची परीक्षा उत्तीर्ण झालेलं दुसरं कोणीतरी घेईल."

"आमच्याकडे दुसरं कोण आहे मॅडम? मी एकटाच."

बाईंनी फॉर्मचं पाचवं पान काढलं. "हा तक्ता कोणी भरला?"

"मी," मी म्हटलं. "पुस्तिकेतले शब्द एका रकान्यात आणि वर्गातले दुसऱ्यात. दोन्ही लिहिले."

"म्हणजे सगळं यातच होतं?" भावाने विचारलं. "तू कळवलंस त्यांना?"

"रकाना होता," मी म्हटलं.

"मी वाचून आले होते," बाई पिशवी खांद्याला लावत म्हणाल्या. "वर्गात कळलं नसतं तर विचारणारच होते. तुम्ही पुढच्या महिन्यात परीक्षेला या."

मी गेले. मला सत्त्याण्णव गुण मिळाले. उरलेले तीन कुठे गेले, याबद्दल मी महासंघाला दोन पत्रं लिहिली आहेत.

आता दर गुरुवारी मी मोजे घालून मॅटवर उभी राहते. मुलं मला आत्या म्हणतात, तेच चालू आहे. नियमाप्रमाणे भावालाही तास करावा लागतो, आणि सगळ्यात वरचा पट्टा त्याचा म्हणून तो पहिल्या रांगेत उभा असतो. पहिल्याच गुरुवारी मी यादी उघडली, तशी त्याची कुजबुज सुरू झाली.

"ताई, बरं पण चुकलंय का गं?"

"सर, रांगेत बोलायचं नसतं," वकील म्हणाली.

"एकच विचारतो. आणि मोठं तोंड?"

"मोम्तोंग," मी म्हटलं. "म्हणजे धड. छातीपासून पोटापर्यंतचा भाग. तिथे येणारा मार अडवायचा, एवढाच अर्थ. तोंडाचा काही संबंध नाही."

तो विचारात पडला. बावीस वर्षं त्याचा प्रत्येक विद्यार्थी तो मार अडवताना जबडा वासत आला होता. शत्रूला घाबरवायला, असं त्याने त्यांना सांगितलं होतं. त्यावरचं भाषण सात मिनिटांचं होतं.

"एकूण किती आहेत असे?"

"चौदा. समोर बघ."

त्याने समोर बघितलं. मुलांना मी नीट समजावून सांगितलं, दोनदा म्हणून घेतलं आणि मग आज्ञा दिली, "मोम्तोंग माक्की."

बत्तीस हात एकदम आडवे आले. एकतीस तोंडं मिटलेली होती.