चतुर्दशीचा तांब्या

"तुला आजचाच दिवस मिळाला का गं कार्टे?" मी सावनीला स्वयंपाकघरातच अडवलं.

पितृपक्षातली चतुर्दशी. टेक्सासातल्या शुगर लँडच्या या उकाड्यात मी सकाळपासून वडे तळतेय, आमसुलाची चटणी वाटतेय, आणि ही नात ऑस्टिनहून ड्राइव्ह करत आली ती नेमकी ही बातमी घेऊन!

कॉलेजात इतिहास शिकते ती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांची तेरावी कोअर, म्हणजे दोन-तीन डिव्हिजनांची मिळून मोठी फौज, इटलीच्या डोंगरात लढली, त्यावर तिचा पेपर चाललाय. विषय निवडला तो पणजोबांमुळं. माझे सासरे त्या फौजेत खेचरं हाकायचे. चिखलातून, बर्फातून दारूगोळा आणि खाणं वर पोचवायचं. गेले ते तिकडंच. आमचे हे, मनोहर, तेव्हा पाळण्यात.

गावात एवढंच कळलं, की लढाईवर असताना गेले. आता लढाईवर माणूस गोळीशिवाय कशानं जाणार? शस्त्रानं गेलेल्यांची तिथी चतुर्दशी, म्हणून भटजींनी श्राद्ध त्या दिवशी लावून दिलं. कराड सुटलं, टेक्सास आलं, पण चतुर्दशी चुकली नाही. मंडळात कोणी नवा पोरगा भेटला, की यांची सुरुवात ठरलेली, "छातीवर गोळी झेलली माझ्या बापानं!" बापाचं तोंडसुद्धा न पाहिलेल्या माणसाकडं दुसरं होतं तरी काय?

"पण आजी, ते गोळीनं नाही गेले," सावनी हळूच म्हणाली. "पेपरसाठी जुनी रेकॉर्ड्स मागवली, त्यात निघालं. न्यूमोनिया झाला होता. मिलिटरी हॉस्पिटलमध्ये गेले. आय हॅव टु टेल हिम."

"टेल हिम म्हणे! ब्याऐंशीचा म्हातारा तो. सगळा जन्म वीराचा मुलगा म्हणून मिरवला. आता त्याला सांगणार, बाप सर्दी-तापानं गेला? निदान दोन घास तरी खाऊ दे त्याला."

"कोण सर्दी-तापानं गेलं?"

हे दारात उभे. एरवी हाका मारून घसा बसतो, पण नको ते बरोब्बर ऐकू येतं! हातात पाण्याचा तांब्या होता.

सासूबाई जन्मभर तिन्हीसांजेला उंबऱ्याबाहेर तांब्या भरून ठेवायच्या. "गोळी लागून कुठंतरी दरीत पडले असतील. पाणी पाणी केलं असेल. कोण होतं द्यायला?" जाताना त्यांच्या तोंडी तेच होतं. म्हणून हे चतुर्दशीला आधी मागच्या पॅटिओवर पाणी ठेवतात, मग कावळ्याचा घास. इथं कावळे फिरकत नाहीत, ते काळे ग्रॅकल येतात, पण आम्ही चालवून घेतो.

सावनीनं सांगून टाकलं. मी गॅस बंद केला. आता हे कोसळणार म्हणून खुर्ची पुढं ओढली. हे बसले.

"म्हणजे खाटेवर होते?"

"हो आबा. आठवडाभर तरी."

"जवळ कोणी होतं?"

"हो ना. इंडियन हॉस्पिटल होतं ते. नर्स होत्या, ऑर्डरली तर आपल्याकडचेच होते."

"मग पाणी..."

"पाजलं असणारच, आबा. तेच तर त्यांचं काम होतं."

हे रडायला लागले. मोठ्यानं, लहान पोरासारखे. इतक्या वर्षांच्या संसारात मी यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मी सावनीवर ओरडणार, तेवढ्यात यांनी माझा हात धरला.

"रत्ना, आई उगाच गं रडली जन्मभर."

मी पदरानं यांचं तोंड पुसलं, आपलंही पुसलं. सावनी कधीची रडत होती.

थोड्या वेळानं हे म्हणाले, "पोरी, खरी तिथी काढून दे. पुढच्या वर्षीपासून त्या दिवशी करू."

"आणि आज?" मी विचारलं. "एवढे वडे काय मी डोक्यावर घेऊन नाचू?"

"आज आपण जेवू. वाढ तू."

हे उठले, पण पॅटिओकडं गेले नाहीत. तांब्या तोंडाला लावला आणि उभ्या उभ्या सगळं पाणी पिऊन टाकलं.