मैदानाला लावलेलं कुलूप

चौथीतल्या एका मुलीचा मैदानावर पडून हात मोडला आणि दुसऱ्याच दिवशी हेडसरांनी मैदानाच्या फाटकाला कुलूप ठोकलं. खेळाच्या तासाला मुलांनी वर्गात बसून गणितं सोडवायची, असं ठरलं. लक्ष ठेवायला खेळाच्या बाई.

बाईंना मुलं माघारी ‘वावटळ’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. पण त्या वावटळीला आता खुर्चीत बसवलं होतं. काही दिवस त्यांनी निमूटपणे पाहिलं. मुलं पेंगायची, एकमेकांना चिमटे काढायची.

“बाई, माझे पाय झोपलेत,” एक जण म्हणाला. सगळे खिदळले. बाईंना काही हसू आलं नाही.

“उठा,” त्या म्हणाल्या. “बाकं भिंतीला लावा.”

मग जी बेडूकउडी सुरू झाली, ती खालच्या ऑफिसाच्या छताची माती हेडसरांच्या चहात पडेपर्यंत. सर तरातरा वर आले.

“बाई, मी गणितं घ्यायला सांगितली होती.”

“तीच चालली आहेत सर. मुलं उड्या मोजताहेत.”

सरांनी त्यांना खाली बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

“उद्या आणखी कुणाचा हात मोडला, तर पालक माझा गळा धरतील. तुमचा नाही.”

“ती जिन्यावरून पडली असती, तर जिन्याला कुलूप लावलं असतंत?”

“शब्दानं शब्द वाढवू नका. पटत नसेल तर दुसरी शाळा बघा.”

“बघणार नाही. तासही सोडणार नाही. काढायचं असेल तर तुम्ही काढा.”

बोलून तर गेल्या, पण बाहेर येताच मनात घरखर्चाचा हिशेब सुरू झाला. घरी कमावणाऱ्या त्या एकट्याच. तरीही दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलांना बूट काढायला लावले आणि आवाज न करता वर्गभर लंगडी खेळवली.

बाई सांगून ऐकेनात, तेव्हा सरांनी हात मोडलेल्या मुलीच्या आईला बोलावणं धाडलं. तीच बाईंना खडसावेल, असा त्यांचा होरा. आई शिवणकाम करायची. ओढणीला दोरे चिकटलेले, तशीच हातातलं काम टाकून आली. लेक सोबत, मोडलेला हात गळ्यात बांधलेला.

“ताई, मैदानावर काय झालं ते या बाईंना तुम्हीच सांगा,” सर म्हणाले.

“पडली. मुलं पडतातच,” आई म्हणाली. “पण कुलूप तुम्ही माझ्या लेकीच्या नावानं लावलंत. वर्गात तिच्याशी कुणी बोलत नाही. तुझ्यामुळे आमचा खेळ गेला, म्हणतात. हाड सांधेल हो सर. मैत्रिणी कशा सांधायच्या?”

सरांनी मुलीकडे पाहिलं. ती खाली मान घालून प्लास्टरची कड कुरतडत होती. हे सरांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यांनी खणातून किल्ली काढली.

“जबाबदारी तुमची, बाई.”

“ती होतीच,” बाई म्हणाल्या. किल्ली घेतली, पण जागच्या हलल्या नाहीत. “शाळा सुटल्यावरही तासभर मैदान उघडं लागेल. ज्यांचे आईबाप उशिरा येतात, ती मुलं व्हरांड्यात मुटकुळं करून बसलेली असतात.”

“बोट दिलं की मनगट धरता तुम्ही.”

“धरते, सर.”

सर हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. बाईंनी तेवढ्यावरच त्या संध्याकाळी फाटक उघडलं. हात गळ्यात असलेल्या मुलीला त्यांनी रेषेवर उभं केलं. कोण बाद, कोण नाही, हे तिनं ठरवायचं. पहिल्याच डावात तिनं आपल्या जिवलग मैत्रिणीला बाद दिलं. मैत्रीण तावातावानं भांडायला धावली. एवढ्या दिवसांनी ती पहिल्यांदाच तिच्याशी बोलत होती. बाईंनी भांडण सोडवलं नाही.