काकांच्या डोळ्यांतलं पाणी

समोरच्या काकूंच्या बैठकीत मुंगी शिरायला जागा नव्हती. भिंतीवर वारलेल्या काकांचं चित्र, त्यांनीच जलरंगात रंगवलेलं, आणि काचेआड त्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं. जावयाने काच फडक्याने पुसून दाखवली, तरी पाणी जागच्या जागी. माणसं हात जोडून उभी होती.

मी फ्रेमवाला. माझी नजर डोळ्यांच्या आधी कडांवर जाते. खालच्या कडेजवळ, चित्राच्या हनुवटीवर राखाडी ठिपके दिसले. काकांनी कधी फोटो काढू दिला नव्हता. काकूंजवळ त्यांचा चेहरा म्हणून एवढाच कागद उरला होता.

ठिपक्यांचं मी विचारलं, तर चित्राखाली आसन मांडून बसलेला मौनीबाबा हसला. नाव मौनी, पण तोंडाला खळ नाही.

"आत्मा आहे, दाढी वाढणारच. चित्र खिळ्यावरून हलवलंत तर कायमचा निघून जाईल. खाली पाण्याचं पातेलं भरलेलं ठेवा, आणि ही खोली मला साधनेला द्या."

रोज सकाळी आठला रडणारे काका रविवारी उशिरा का रडतात, याचंही उत्तर त्याच्याकडे तयार होतं. आत्म्यालाही सुट्टी लागते म्हणे.

माझ्या मनात पाल चुकचुकली. रविवारी उशिरा काय होतं, ते मी जावयाला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, तसं काही नाही, अंघोळ तेवढी उशिरा. न्हाणीघर याच भिंतीपलीकडे. दुसऱ्या दिवशी गार पाण्याने अंघोळ कर, असं मी त्याला सांगितलं. सासूबाईंसाठी तो कुरकुरत का होईना, कबूल झाला.

सकाळी सगळे जमले. आठ वाजून गेले तरी थेंब नाही. खोलीत नास्तिक आहे, असं म्हणत बाबाने माझ्याकडे पाहिलं. मी गुपचूप न्हाणीघरात जाऊन गरम पाण्याचा नळ सोडला. पाव तासात काका रडायला लागले.

मी काकूंना सांगितलं, "चित्राची पाठ बघा." बाबा आडवा आला. काकूंनी त्याला हाताने बाजूला सारलं आणि चित्र स्वतः उतरवलं. मागे भिंत ओलीगच्च, पुठ्ठ्यावर काळी बुरशी. भिंतीतली गरम पाण्याची झिरपती नळी तापली की कागदातली ओल वाफ होऊन निघे आणि समोरच्या थंड काचेवर आतून थेंब धरत. थेंब साऱ्या काचेवर होते, पण डोळ्यांच्या गडद रंगावर तेवढे दिसत, बाकीच्या फिक्या रंगावर दिसत नव्हते.

"आणि चूक माझी," मी म्हणालो. काच आणि कागद यांच्यात पुठ्ठ्याची चौकट घालतात, म्हणजे हवा खेळते. चौकटीखाली काकांची सही झाकली जाते म्हणून काकू नको म्हणाल्या, आणि गिऱ्हाइकाचं मन राखायला मी काच थेट कागदावर बसवली होती. चमत्कार माझ्याच दुकानात तयार झाला होता.

"म्हणजे ते रडत नव्हते?"

"नाही काकू. चित्र सडत होतं."

"मग तीन महिने मी समजूत घालत होते ती कुणाची?"

काकूंनी पातेलं उचलून मोरीत ओतलं. बाबा कधी सटकला, कुणी पाहिलंच नाही.

कागद वाळला. हनुवटी गेली, डोळे वाचले. चित्र आता कोरड्या भिंतीवर, भिंतीपासून दोन बोटं सुटं टांगलंय. तुमच्या घरातलं चित्र रडलं, तर कुणाच्या पाया पडण्याआधी ते उलटं करून बघा. आम्ही तीन महिने आधी बघितलं असतं, तर काकांची हनुवटी राहिली असती.