बदामाच्या पानांची आमटी

"माझी पातेली पाला उकळायला नाहीत," असं मी आमच्या ह्यांना बजावलं होतं. पण शामकांत मास्तर शाळेतल्या पोरांना ऐकायला लावतात, स्वतः कुणाचं ऐकत नाहीत. पुण्याहून हौसेनं आणलेले मासे मिरजगावच्या विहिरीच्या पाण्यात एकेक करून मेले होते. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, त्यात मासे काय जगणार? उरलेले पाचही रंग उडून पांढुरके पडले होते. हे मासे मूळचे जंगलातल्या, पाला कुजून काळ्या झालेल्या ओढ्यांतले, असं ह्यांना कुठूनसं कळलं. तसं पाल्याचं पाणी करून पेटीत सोडायचं, ही शेवटची खटपट. ती फसली तर काचेच्या पेटीत मी पापड भरणार होते, आणि हे महिनाभर कुणाशी बोलणार नव्हते.

पोळ्याच्या सकाळी ह्यांनी साठवलेल्या पावसाच्या पाण्यात देशी बदामाची वाळकी पानं उकळली, पाणी गाळलं आणि पातेलं चुलीशेजारी निवत ठेवलं. पाणी चांगलं लालसर झालं होतं. शेजारीच माझ्या पुरणाच्या डाळीचा कट होता. माझा भाऊ, नृसिंहदादा, प्रवरेकाठच्या अकोल्याहून सणाला आला होता. सासूबाईंनी कटाची आमटी केली. दादानं तीन वाट्या ओरपल्या.

जेवणं झाल्यावर पातेलं घेऊन हे पेटीकडे गेले नि ओरडले, "अगं, ह्यात डाळ तरंगतेय!"

दादानं मिशी पुसता पुसता विचारलं, "मग मी काय प्यायलो?"

"मला जरा तुरट लागलीच," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून तर गूळ वाढवला!"

मी हसून हसून भिंतीला टेकले. मग ह्यांचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं. आठवडाभर पाऊस नव्हता, साठवलेलं पाणी संपलं होतं, आणि एक मासा वाळूवर आडवा झाला होता.

सासूबाई उठल्या आणि देवघराजवळची झाकलेली कळशी घेऊन आल्या. गौरींच्या पुरणासाठी राखलेलं ते पावसाचं पाणी. मलाही त्या त्याला हात लावू देत नसत.

"घे रे," त्या ह्यांना म्हणाल्या. "गौरी समजून घेतील."

दादा नव्या धोतरानिशी शाळेच्या आवारात पानं वेचायला धावला. पाणी पुन्हा उकळलं, ह्या पातेल्यातून त्या पातेल्यात ओतून निववलं, आणि ह्यांनी वाटीवाटीनं पेटीत सोडलं.

दुसऱ्या दिवशी पाचही मासे त्या लालसर पाण्यात सुळसुळत होते. पोटावरचे लाल पट्टे परत उमटले होते. हे टाळ्या पिटत होते. सासूबाई चष्मा सावरून म्हणाल्या, "माहेरचं पाणी मिळालं बिचाऱ्यांना."

मीही भंडारदऱ्याकडच्या पाण्यावर वाढलेली. मला एकदम भरून आलं. दादानं ते पाहिलं असावं.

गौरी यायच्या आदल्या दिवशी तो पुन्हा एसटीतून उतरला, तो प्रवरेच्या पाण्यानं भरलेली कळशी घेऊनच. "पुरणाला," तो म्हणाला. "आणि ह्या वेळी आमटीवर माझं लक्ष राहील."

सासूबाईंनी कळशीवरचं फडकं सोडलं, आणि पहिला पेला भरून माझ्या हातात दिला.