सदतीस नंबरची फाइल

"फाइल पाठवली म्हणजे पोचली असं धरून चालू नकोस, दर्शना. अधूनमधून वर माथेरानला विचारत जा," काम सोडून जाताना सुनीलदादाने बजावलं होतं.

दर्शना हसली होती. "घोड्यावर लादून पाठवतोय का, दादा?"

कर्जतच्या घरी बसून ती माथेरानच्या एका हॉटेलचं बुकिंग सांभाळते. प्रत्येक बुकिंग, प्रत्येक रद्द झालेली खोली आधी लॉगच्या फाइलीत उतरते. फाइल भरली की तिची प्रत आपसूक वर, हॉटेलात चादरींच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर जाते. पूर्ण बॅकअप कपाटातल्या वेगळ्या डिस्कवर, तोही फक्त रविवारचा.

शुक्रवारी सकाळी कर्जतची मुख्य डिस्क बसली, ती बसलीच. शनिवारी बेचाळीस वऱ्हाडी येणार. कोणाची कोणती खोली, ते आता वरच्या फाइलींनाच ठाऊक. त्या रविवारच्या बॅकअपवर एकीमागून एक चढवायच्या; मधली एक जरी गळाली, तर तिच्यापुढच्या सगळ्या फुकट.

त्यात वरचं नेट गेलेलं. ते येईपर्यंत धीर धरील तर ती दर्शना कसली! झोपलेल्या लेकीच्या नाकाखाली दर दहा मिनिटांनी बोट धरून बघणारी बाई ती. रडणाऱ्या सानवीला कडेवर घेऊन तिने हॉटेलच्या पांडूकाकांना फोन लावला.

"काका, पडद्यावरची नावं वाचा. शेवटचे दोन आकडे फक्त."

"आसं मदलंच कसं वाचू? चुकलं म्हंजे? शून्य, शून्य, शून्य, शून्य… एवडी शून्यं माज्या पोराला पन नाय पडली गं!"

चौदाव्या फाइलीला सानवी गाढ झोपली.

"छत्तीस," काका म्हणाले. "अडतीस."

"आणि सदतीस?"

"सदतीस नाय."

"नीट बघा ना, काका!"

"बगतोय की. छत्तीस, मग पिवळा ठिपका, मग अडतीस."

"ठिपका कसला?"

नख खरवडल्याचा आवाज आला. "आमटी व्हती गं! सदतीस हाय खाली!"

"काका, आता तिथून हलू नका. मी फोन करेपर्यंत कोणाला बटणाला हात लावू देऊ नका."

दुपारी नेट आलं. फाइली ओळीने चढल्या, बेचाळीसही वऱ्हाड्यांच्या खोल्या सापडल्या. सानवीशेजारी दर्शना अशी आडवी झाली, की काकांना फोन करायचा राहूनच गेला. आता त्यांचा मोबाइल बंद लागतोय.

म्हणून तिचं तुम्हाला सांगणं आहे: माथेरानला जाणार असाल, तर त्या हॉटेलात चादरींच्या खोलीत जरा डोकवा. कॉम्प्युटरसमोर पांडूकाका बसलेले दिसले, तर म्हणावं, झालं सगळं, उठा आता. आणि जेवले का, तेही विचारा.